उष्टी डबी

१

सपना नवरीला सजवायला बसली, की पहिला पाऊण तास रंगाच्या पेटीला हातच लावत नसे. नवरीकडच्या बायका दारातून डोकावून जात. "अगं, अजून काहीच नाही झालं?" असं एकीने विचारलं की सपना हसून म्हणे, "चाललंय ना काकू, तेच तर चाललंय." चेहरा धुवायचा. मलमलच्या फडक्यात बर्फ बांधून तो गालांवरून फिरवायचा. गुलाबपाणी टिपायचं, मग क्रीम चोळायचं आणि त्यानंतर दहा मिनिटं नुसतं थांबायचं. हे थांबणंच लोकांच्या डोळ्यांत खुपे. मुंबईत धडधाकट माणूस दहा मिनिटं हात बांधून बसला, तर बघणाऱ्याला वाटतं याचं काहीतरी बिनसलंय.

पण सारवल्याशिवाय रांगोळी काढायची नाही, हा वनमालाताईंचा नेम होता आणि सपनाने तो कधी मोडला नव्हता. घाटकोपर पूर्वेला वनमालाताईंचं दोन खुर्च्यांचं पार्लर होतं. एकोणिसाव्या वर्षी सपना तिथे शिकायला गेली आणि तिथलीच झाली. नऊ वर्षांनी ताई गेल्या. जाण्याआधी दोन्ही खुर्च्या, आरसा आणि शटरची किल्ली सपनाच्या हवाली करून गेल्या. नात्याच्या ना गोत्याच्या. सपना रोज शटर वर ढकलताना मनातल्या मनात त्यांना हात जोडायची, अगदी न चुकता.

ताईंचा एक शब्द होता, उष्टं. कुठलंही नवीन क्रीम आलं की त्या म्हणायच्या, "थांब, आधी उष्टं करून घेते." डबी उघडायची, अनामिकेने एक बोट क्रीम उचलायचं आणि पडद्याआड जाऊन स्वतःच्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला लावायचं. एक दिवस जाऊ द्यायचा. खाज नाही, लाली नाही, तर डबी गिऱ्हाइकाच्या तोंडाला.

सपनाची आई द्रौपदी हा शब्द ऐकून पहिल्याच दिवशी भडकली होती. वाशिमकडचं बौद्ध कुटुंब. द्रौपदीच्या आजीने गावात लोकांच्या दारचं उरलंसुरलं पदरात घेतलं होतं आणि ते द्रौपदी विसरली नव्हती. "उष्टं?" ती पार्लरच्या दारातच म्हणाली. "आम्ही कुणाचं उष्टं घेत नाही बाई. ते सोडलं म्हणून तर इथे आलो."

वनमालाताई खुर्चीतून उठल्या. "अहो, बाकीच्या पार्लरांत क्रीम कुणाच्या हातावर तपासतात, ठाऊक आहे का तुम्हाला? शिकायला आलेल्या पोरींच्या. मला नाही चालत ते. तुमच्या मुलीच्या हाताला डाग पडायला नको, म्हणून आधी मी."

द्रौपदीने चप्पल काढून आत पाऊल टाकलं. मग म्हणाली, "असं होय," आणि चहा पिऊनच गेली.

२

ताईंना जाऊन वर्ष व्हायला आलं होतं, तेव्हाची गोष्ट. मंगळवार होता. सपनाने क्रीमची नवी डबी काढली. वरचं प्लास्टिक फाडलं, झाकण फिरवलं, आत तोंडाला चिकटवलेला चांदीचा कागद नखाने सोलून काढला. क्रीम पांढरंशुभ्र, काठोकाठ. आणि एका कडेला बोटाने ओरपल्यासारखा खळगा.

तिला किळस आली. कुणीतरी डबी वापरून परत बंद केली, दुसरं काय? बाजारात डुप्लिकेट माल कमी आहे का! ती तशीच डबी घेऊन दुकानात गेली. दुकानदार शरच्चंद्रभाऊ जुने ओळखीचे. त्यांनी कागद उलटसुलट करून बघितला, खोक्यातली दुसरी डबी तिच्यासमोर फोडली. ती आतून गुळगुळीत.

"बघ. माझ्या मालाला नाव ठेवू नकोस," ते म्हणाले आणि त्याच खोक्यातली तिसरी, बंद डबी तिच्या हातावर ठेवली. पार्लरमध्ये येऊन सपनाने ती उघडली. त्याच कडेला खळगा.

घरी तिने नवऱ्याला दाखवलं. किरण एसी दुरुस्त करतो, त्यामुळे जगातल्या कुठल्याही यंत्राबद्दल त्याचं मत तयार असतं. "नोझल असतो गं मशीनचा. क्रीम भरून वर जाताना ओढलं जातं थोडं. खड्डा पडणारच ना."

"मग भाऊंनी उघडली तिला का नाही पडला?"

"ती दुसऱ्या नोझलची असेल. आणि काय वाटलं तुला, भूत? भूत असतं तर अख्खी डबी संपवली असती यार. एक बोट घेऊन थांबेल होय?"

सपना हसली. तिला ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

३

पण नोझलला नख नसतं. पुढच्या डबीत तिने नीट बघितलं, तर खळग्याच्या टोकाला नखाची बारीक कोर उमटली होती. तिने स्वतःची अनामिका हलकेच त्यात ठेवून बघितली. खळगा तिच्या बोटापेक्षा रुंद होता.

मग तिने एक खेळ केला, आणि तो केला नसता तर बरं झालं असतं असं तिला नंतर वाटलं. एका बंद डबीला तिने चारी बाजूंनी चिकटपट्टी लावली, पट्टीवर पेनाने सही केली, डबी कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शटर उघडलं. रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी चालू होती, समोरच्या इस्त्रीवाल्याचा रेडिओ चालू होता, भीती वाटावी असं काही म्हणजे काही नव्हतं. कुलूप जागेवर. पट्टी जागेवर, सही जागेवर. तिने पट्टी कापली, कागद सोलला.

खळगा होता. आणि खळग्याच्या कडेला क्रीमचं शेंडीसारखं टोक अजून उभं होतं. बोट उचलताना क्रीम वर ओढलं जातं आणि टोक येतं, ते. एवढ्या पातळ क्रीमचं टोक घटकाभरात बसतं, सपनाने हजारदा बघितलेलं. ती बघत असतानाच ते हळूहळू वाकलं आणि मिळून गेलं.

म्हणजे आत्ता. आत्ताच कुणीतरी बोट काढलं होतं.

त्या दिवशी तिने शटर पूर्ण वर ठेवलं आणि गिऱ्हाइकांच्या भुवया बाहेर, दारात खुर्ची टाकून कोरल्या. उजेड चांगला असतो, असं सगळ्यांना सांगितलं. दोन डब्या तिने नाक्यावरच्या कचराकुंडीत फेकल्या. "कोण मेलं हात घालतंय," असंही बोलली, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. ते शब्द तिला पुढे फार दिवस टोचणार होते.

माणूस मात्र कशालाही सरावतो. आठवडे गेले, महिने गेले. प्रत्येक डबीत एक बोट कमी, आणि एवढ्या दिवसांत एकाही गिऱ्हाइकाच्या तोंडावर साधी पुटकुळी नाही. सपनाच्या मनाने गुपचूप एक हिशेब मांडला होता आणि तो तिने किरणलाही सांगितला नव्हता. खूण आहे ना? मग डबी चांगली. बोट कुणाचं, हे ती स्वतःला विचारत नव्हती. विचारलं असतं तर उत्तर लांब नव्हतं. ताई गेल्यापासून ती नवी डबी गिऱ्हाइकाच्याच कोपराला लावून बघायची; हळूहळू तेही तिने कमी केलं. नव्या गिऱ्हाइकाच्या कोपराला एकदा लावून बघायची, तेवढंच. दरवेळी नवी डबी फोडली की पुन्हा बघायचं, हा ताईंचा नियम कधी गळून पडला ते तिलाही कळलं नाही.

४

गंधालीचं लग्न मुलुंडला होतं. मुलगी पवईला एका कंपनीत कामाला, हुशार, बोलकी, पण चेहऱ्याला कुणी हात लावायला गेलं की मान मागे घ्यायची. तिला कारण होतं. साखरपुड्याच्या दोन दिवस आधी तिने कुठेतरी फेशियल केलं आणि तोंड सुजून भोपळा झालं. डोळे उघडत नव्हते. साखरपुड्याच्या एकाही फोटोत तिने मान वर केलेली नाही. त्यानंतर तीन आठवडे ती अंधार करून घरात बसली, लग्नच नको म्हणाली. सासरचे लोक भले म्हणून थांबले.

"सपनाताई, परत तसं झालं ना, तर मी हॉलवर जाणार नाही. खरंच सांगते," ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती.

"तुझ्या चेहऱ्याला काही झालं, तर मी हे काम सोडेन," सपना म्हणाली. ती उगाच शब्द देणारी बाई नव्हती.

पंधरा दिवस आधी तिने गंधालीच्या कोपराला क्रीम लावून बघितलं होतं. काही झालं नाही. तीच डबी तिने लग्नाच्या सकाळी सोबत आणली होती.

साडेसातला ती गंधालीच्या आईवडिलांच्या खोलीत सगळं मांडून बसली. गंधालीची आत्या जयंती ओटीचं ताट घेऊन आत आली, तिच्या शालूचा काठ छोट्या टेबलाला अडकला आणि काचेची डबी फरशीवर पडून फुटली.

"अगं बाई! वाट लागली!" जयंती म्हणाली. "दुसरं आहे ना गं तुझ्याकडे?"

"आहे काकू. तेच आहे, त्याच कंपनीचं. काळजी करू नका."

सपनाने पिशवीतून बंद डबी काढली. तेच नाव, तेच झाकण, तोच चांदीचा कागद. सोलला. आत, नेहमीच्या कडेला, खळगा. तिचा जीव भांड्यात पडला. काचा गोळा करून जयंती बाहेर गेली, दार लोटलं गेलं. गंधालीचा चेहरा धुऊन झाला होता, बर्फ फिरवून झाला होता, कातडी स्वच्छ आणि गार. सपनाने अनामिकेवर क्रीम घेतलं.

"डोळे मीट," ती म्हणाली.

गंधालीने डोळे मिटले. सपनाचं बोट तिच्या गालापासून चार अंगुळं दूर असेल, तेवढ्यात खोलीला लागून असलेल्या बाथरूममध्ये नळ सुटला.

५

नळ धो धो सुटला होता. आणि त्या धारेखाली कुणीतरी काहीतरी धूत होतं. पाणी ओंजळीने मारल्याचा आवाज, चप, चप, चप, घाईघाईने. मधूनच दातांतून आत ओढलेला श्वास. भाकरी उलटताना तव्याला बोट लागलं की बाई ओढते, तसा.

"आत्या आहे का आत?" गंधालीने डोळे न उघडता विचारलं.

जयंतीचा आवाज बाहेरच्या खोलीतून येत होता, फुलवाल्याला झापत होती. गंधालीची आई स्वयंपाकघरात. वडील हॉलवर गेलेले. सपना साडेसातपासून याच खोलीत होती आणि बाथरूममध्ये कुणी गेलेलं तिने बघितलं नव्हतं.

पाणी गेलं असेल रात्री, कुणी नळ उघडाच ठेवला असेल, आता आलं असेल. सोसायट्यांमध्ये होतं असं. तिने स्वतःला एवढं सगळं सांगितलं, बोटावरचं क्रीम तसंच ठेवून उठली आणि बाथरूमचं दार बोटभर ढकललं.

आत दिवा नव्हता. वरच्या झडपेतून येईल तेवढाच उजेड. बेसिनवर एक हात वाकलेला होता, पालथा नाही, उताणा, कोपराची आतली बाजू नळाखाली. दुसरा हात त्यावर पाणी मारत होता. उताण्या हातावर मनगटापासून वरपर्यंत गोल डाग होते. रुपयाएवढे, एकाशेजारी एक, ओळीने, मग दुसरी ओळ, मग तिसरी. काही पांढरे पडलेले, काही तपकिरी, काही चुरगळून आकसलेले. कातडीला जागा म्हणून उरली नव्हती. आणि कोपराच्या अगदी खळगीत एक ताजा. लालबुंद, फुगलेला, कडेने साल सुटत चाललेलं.

दाराच्या फटीतून खांदा दिसत नव्हता, चेहरा दिसत नव्हता. दार अजून वीतभर ढकललं असतं तर दिसला असता. सपनाने ढकललं नाही. तिने ते ओढून घेतलं, हळूच, कुणी कपडे बदलत असलं की ओढून घेतो तसं, आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली. आत पाणी मारणं चालूच होतं.

६

तेव्हा तिला कळलं की तिचं स्वतःचं बोटही चुरचुरतंय.

तिने क्रीम पुसलं. पुसलेल्या कापसाने, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्या कोपराला लावलं. घड्याळाकडे बघत बसली. गंधालीने एक डोळा उघडला. "काय झालं?"

"थांब जरा. दहा मिनिटं."

दहा लागलीच नाहीत. पाचव्या मिनिटाला सपनाच्या हातावर लाल गोल उमटला, सहाव्याला आग आग व्हायला लागली. हे त्या मुलीच्या दोन्ही गालांवर गेलं असतं. कपाळावर, पापण्यांवर. बाहेर फुलं आली होती, गाडी सजत होती. सपना पलंगाच्या कडेवर टेकली.

नऊ वर्षं ती वनमालाताईंच्या शेजारी उभी होती. नऊ वर्षांत तिने ताईंना आखूड बाह्यांचं पोलकं घातलेलं बघितलं नव्हतं. मे महिन्यातसुद्धा मनगटापर्यंत बाही. 'मला थंडी वाजते,' ताई म्हणायच्या, आणि घामाने डबडबलेल्या असायच्या, आणि सपनाला कधी त्यात काही वावगं दिसलं नाही. शिकाऊ पोरीचे हात तेवढे गुळगुळीत राहिले. लग्नात किरणच्या मावशीने तिच्या हातांचं कौतुक केलं होतं, काय पण नितळ हात आहेत म्हणून.

आणि मेल्यावरही बाई थांबली नाही. सपना त्या खुणेला पसंतीचा शिक्का समजून निर्धास्त होत होती. प्रत्येक खुणेपाठी एक डाग होता, आणि तो कुणीतरी सोसत होतं. तिला आपण रिकाम्या खोलीत बोललेलं आठवलं, कोण मेलं हात घालतंय, आणि तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले. भीती कुठे गेली नव्हती. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी दाटून आलं होतं. इतके उपकार कुणाचे होऊ नयेत माणसावर, असं तिला वाटलं, आणि झाले म्हणून तिने हात जोडले.

"सपनाताई, रडतेयस तू? माझ्या तोंडाला काही झालंय का?" गंधाली आरशाकडे वळली.

"तुझ्या तोंडाला काही नाही झालं. काही होणारही नाही." सपनाने नाक पुसलं. "ही डबी खराब निघाली. ही नाही लावायची. तुला डॉक्टरांनी दिलेलं रोजचं क्रीम आहे ना, ते दे."

"ते साधं आहे गं. त्याच्यावर मेकअप बसेल?"

"मी बसवते. आण तू."

डबी तिने झाकण लावून, कागदात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी टाकली. उद्या शरच्चंद्रभाऊंच्या तोंडावर मारायची होती.

७

नळ अजून चालू होता. पाणी मारण्याचा आवाज आता मंदावला होता, पण थांबला नव्हता.

सपनाने खोलीचं दार उघडून हाक मारली, "काकू, वाटीभर दूध द्याल? फ्रिजमधलं. गारच हवं."

"आता दूध कशाला गं? साडेआठ वाजत आले, अजून पोरगी कोरीच बसलीय!" जयंती म्हणाली, पण वाटी आणून दिली. हातावरचा लाल डाग तिला दिसला. "अगं, हे काय भाजलं? तुझ्यासाठी हवंय होय. मग आधी सांगायचंस ना."

"माझं विशेष नाही काकू," सपना म्हणाली.

तिने वाटीशेजारी कापसाचा मोठा बोळा ठेवला. बाथरूमचं दार हात जाईल एवढंच उघडलं, मान दुसरीकडे वळवली आणि वाटी आत, बेसिनच्या कडेवर चाचपडत ठेवली. गार पाण्याचे शिंतोडे तिच्या मनगटावर उडाले. तिने हात घाईने मागे घेतला नाही.

"ताई," ती दाराशी तोंड नेऊन हलकेच म्हणाली, "दूध लावा. आग कमी होईल. आणि आता पुरे. यापुढे आधी मी." तिने कपाळ दाराला टेकवलं. "चुकले मी. कधी विचारलंच नाही तुम्हाला."

तिने दार ओढून घेतलं. नळ बंद झाला.

गंधालीने आणलेलं साधं क्रीम सपनाने तिच्या गालांवर चोळलं, कपाळावर, हनुवटीखाली, कानामागे हळद राहिली होती ती पुसून तिथेही. कातडीने ते मुकाट्याने पिऊन घेतलं. लाली नाही, काही नाही. मग दोघी नेमाप्रमाणे थांबल्या. बाहेर जयंती घड्याळाचे आकडे मोठमोठ्याने सांगत होती. खोलीत इतकं शांत होतं की पंख्याची कुरकुर ऐकू येत होती.

गंधालीने मान वळवली. "ताई, आत कुणीतरी आहे गं. कापूस पिळल्यासारखा आवाज येतोय."

सपनानेही ऐकला. वाटीत थेंब पडत होते. थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. सावकाश, कसलीही घाई नसलेले.

"हो," ती म्हणाली आणि गंधालीची हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. "माझ्या ताई आहेत. असू दे. त्यांना जरा वेळ लागेल."